बाणा

पार्कवर खो मिळाला,
उठले, वळले,
गुडघा मागंच राहिला.
एक्स-रे म्हणाला, हाड शाबूत.
जिना मात्र ऐकेना.

म्हणून पैंजण, पिना, ताईत काढून
त्या नळीत निजले.
खडाक् खट्, खडाक् खट्.
लोक घाबरतात म्हणे.
मी मागाखाली वाढलेली,
मला झोपच लागली.

डॉक्टरांच्या आधी नायनांनी
फिल्म उजेडाला धरली,
टॉवेल तपासतात तशी,
एक डोळा मिटून.
"इथं बाणा सुटलाय."

डॉक्टरांचं पेन तिथंच टेकलं.
"कूर्चा. टवका निघालाय."
"मग रफू?"
"बघू. ही आपली आपण भरत नाही."

अशोक चौकापर्यंत रिक्षात
नायना भेंड्यांच्या भावाबद्दल बोलले.
माझ्या गुडघ्यावरची त्यांची बोटं
टोक शोधत होती.