माग

रात्री आठला गावातले दवाखाने कुलूप लावतात
आणि त्यांचे फोन माझ्याकडे वळतात.
टायरवाल्याच्या माडीवर एक खोली:
टेबल, दोन रजिस्टरं,
उकळून उकळून काळा पडलेला चहाचा टोप,
खाली व्हॅन, आणि व्हॅनमध्ये
तोंडावर टॉवेल टाकून झोपलेला बसलिंग.

फोनवर माणूस दिसत नाही.
"पोरगं रडूलंय" म्हणणारी बाई
घाबरलीय की नुसती दमलीय,
हे मी तिच्या मागच्या आवाजावरून ठरवते.
पोर रडत असेल तर बरं.
रडायचं थांबलं असेल तर बसलिंगला हाक.

कन्नडमध्ये मला अजून भाजी घेता येत नाही.
पण जुलाब किती झाले, पातळ की रक्ताचे,
हे मी कुणालाही विचारू शकते.
त्या भाषेच्या घरात मी परसदारानं शिरले,
ओसरी बघितलीच नाही,
एकदम न्हाणीघर.

पावणेतीनला वडगावातून फोन.
बोळात दोन्ही अंगांना माग चालू,
पायाखालची फरशी थरथरत होती.
निंगव्वा भिंतीला टेकून बसलेली,
आडवं पडवत नव्हतं.
सून म्हणाली, दिवसभर माझ्याशी मराठीत भांडती,
दम लागला की माहेरच्या बोलीत जाती.
"उसिरु बरवल्दु," म्हातारी म्हणाली,
आणि हे मला कुणी समजावून द्यायची गरज नव्हती.

स्टेथोस्कोप पाठीला लावला.
पाठीत माग.
छातीत माग.
माझ्या कानांतून चार घरांचे धोटे धावत होते.

माग थांबवा, मी म्हटलं.
बसलिंग बोळात जाऊन ओरडला,
"मग्ग निल्लस्री!"
केवढासा फरक, तेवढ्यासाठी
इकडं मोर्चे निघालेत.

पहिला थांबला. मग समोरचा.
मग मागच्या अंगाचे दोन एकदम.
कोपऱ्यावरचा शेवटी, नाखुशीनं,
दोन फेऱ्या जास्त मारून.
आणि अशी शांतता पडली
की पलीकडच्या घरात झोपलेली पोरं
दचकून जागी झाली.

मी डोळे मिटले.
खाली, दोन्ही बाजूंना,
ओलं जळण पेटावं तशी तडतड.
कुठवर आहे, तिचा माग काढत
बोटभर बोटभर वर गेले.
पाणी निम्म्या पाठीपर्यंत चढलं होतं.
लॅसिक्स दिलं, ऑक्सिजन लावला, १०८ बोलावली.
दारात माणसं उभी, भुवयांवर सुताची कीस.
त्यातला एक खालच्या आवाजात:
"सुरू करू काय, डॉक्टरीणबाई?"
थांबा, म्हटलं. गाडी जाऊ दे.
थांबले.

परतताना बसलिंगनं हिशेब केला.
त्याचा बाप मागावरच खपला, त्याला कळतं.
वीस मिनिटं, नऊ माग,
हातभर कापड गेलं प्रत्येकाचं.
शिवाय, म्हणाला, माग मध्येच थांबून सुरू झाला
की लुगड्यावर बारीक आडवी रेघ उठती.
दुकानदार बघतो आणि पैसे कापतो.

मी रजिस्टरात लिहिलं:
बाई, ७१, धाप, सिव्हिलला पाठवली.
पुढचा रकाना शेऱ्याचा. तो मी कोरा सोडला.
निंगव्वाचं काय झालं?
रात्रपाळीला पुढचं कळत नाही.
सकाळी आठनंतर ती दुसऱ्याची पेशंट.

त्यानंतर तीन फोन.
एकाला फक्त विचारायचं होतं,
गोळी जेवणाआधी की नंतर.
पहाटे चारला.
मी विचारलं, जेवलात का?
बराच वेळ तो काही बोलला नाही.

सकाळी बसस्टॉपवर पुढं एक बाई उभी होती,
नवं करकरीत लुगडं, जांभळं, हिरव्या काठाचं.
मी जवळ सरकून पदर निरखू लागले,
आडवी रेघ कुठं दिसते का.
तिनं माझ्याकडं बघितलं
आणि पदर आवरून घेतला.