इतर

उद्यमनगरात सोमवारी लेथ बंद असतात.
त्या एका संध्याकाळी शटर अर्धं खाली ओढून
मी बिलबुकाच्या पाठकोऱ्या पानांवरून वाचायची
माझ्या यानाची गोष्ट.

यान म्हणजे तरी काय,
भंगारातलं एक पितळी बुशिंग, बाकी सगळी कल्पना.
लादीवर पितळेचा कीस सांडलेला असायचा,
तेच तारे. दुसरे आणायचे कुठून?

ऐकायला तिघं.
बाबालाल मुल्ला, ज्याच्या डाव्या हाताची दोन बोटं
एका मिलिंग मशीनकडे कायमची राहिली.
तायव्वा, निपाणीकडची, कोपऱ्यावर चहा विकणारी,
रागावली की कानडीत जायची,
माया आली की त्याहून खोल कानडीत.
आणि सर्जेराव, एकेकाळचा पेठेचा गोलकीपर.
अजूनही कप निसटला
तर जमिनीला टेकायच्या आत त्याच्या हातात.

माझ्या यानावर कोणाचं कोणाशी रक्त जुळत नव्हतं.
एकाचं निळं होतं,
एकीच्या अंगात रक्तच नव्हतं, वंगण होतं.
स्वयंपाक करणारं यंत्र रोज आमटी खारट करायचं
आणि सगळे रोज जेवायचे.
"सांगत का न्हाईत त्याला?" सर्जेरावनं विचारलं.
मी म्हटलं, त्याला चव कळत नाही,
पण ताटं मोजता येतात.
तायव्वा पदरानं डोळे पुसत म्हणाली, धूर लई झालाय.
स्टोव्ह कधीचा विझला होता.

खरं सांगते, गोष्टीत मी आईबाप येऊ देत नसे.
गारगोटीहून निघाले तेव्हा मागून कोणी हाक मारली नाही.
हाक न आलेल्या माणसाला
आकाशातून सिग्नल येतो, हे लिहायला सोपं जातं.
पहिल्याच पानावर ग्रह फुटायचा.
मग सगळं मोकळं.

बाबालालला ते पटायचं नाही.
"गिरह कशाला फोडतीयास पोरी?
जाऊ नगंस तिकडं. पर असू दे की."
पुढच्या सोमवारी मी ग्रह जोडून आणला.
त्याच्यावर एक दिवा ठेवला.
कोण लावतं, ते लिहिलं नाही.

मार्चात सर्जेराव पडला. या खेपेला चेंडू नव्हता.
रिक्षातून सीपीआरला नेला, डोकं तायव्वाच्या मांडीवर,
पाय माझ्या, आणि बाबालाल ड्रायव्हरशेजारी अर्धा बाहेर.
खिडकीतल्या माणसानं कागद सरकवला.
पेशंटचं नाव. वय. सही करणाऱ्याशी नातं.
पेन माझ्याकडं आलं, कारण लिहिणारी मी.

पन्नास प्रकरणं लिहिली होती,
तीन सूर्यांची दुपार, ढगांचे बोगदे,
आणि त्या दीड इंच रेघेवर काय घालायचं ते सुचेना.
आमच्या कोल्हापुरात बाईसुद्धा "मी आलो" म्हणते,
पण "कोणाची?" विचारलं
की सगळं व्याकरण जागच्या जागी अडतं.

तळाला एक चौकोन होता: इतर.
मी खूण केली.
"इतर म्हणजे कोण?"
बाबालालनं तीन बोटांचा हात खिडकीत ठेवला.
"सायेब, आमी एकाच गाडीतलं."
"रिक्षातले?"
"व्हय. तसंच समजा."
त्यानं शिक्का मारला. जरा तिरका बसला.

रात्री वॉर्डाबाहेरच्या बाकड्यावर
तायव्वानं डबा सोडला.
आमटी खारट होती.
कोणी काही बोललं नाही.
आम्ही तिघं जेवलो, आणि चौथी वाटी
तिनं झाकून बाकाखाली सरकवली,
कोणाचा पाय लागणार नाही अशी.