दुसरी बाजू, पहिलं गाणं

सिनेमा डुलुथला आठवडाभर टिकला.
शुक्रवारी लागला, गुरुवारी उतरला,
त्या जागी कुत्र्याचा कुठलासा सिनेमा आला.
गाण्यांची कॅसेट मात्र
खाणीवरच्या पोरांच्या ट्रकांत,
बर्फ उपसणाऱ्यांच्या वॉकमनमध्ये
दोन हिवाळे फिरत राहिली.

बारा बँड. अकरा नावाजलेले,
निदान आपापल्या गावात.
सातवे आम्ही.
म्हणजे दुसऱ्या बाजूचं पहिलं गाणं.
म्हणजे कॅसेट उलटायचा कंटाळा आला
तर आम्ही नाहीच.

पडद्यावर आम्ही अकरा सेकंद आहोत.
पेट्रोल पंपावर नायक काच पुसतो,
गाडीत रेडिओ चालू असतो. तो रेडिओ आम्ही.
केर्तू श्वास घेते, पहिली ओळ म्हणते,
दुसरीच्या तोंडावर
तो दार आपटतो.

त्या दारासाठी आम्ही तीनदा तिकीट काढलं.

रेकॉर्डिंग तळघरात. वर हॅल्वरसनबाईंची लाँड्री.
भिंतींना गाद्या, मागून आणलेला चार ट्रॅकचा रेकॉर्डर,
बाहेर उणे एकोणतीस,
तारा लावाव्यात तोवर उतरलेल्या.
शांतता हवी म्हणून रात्री दोनला बसलो
आणि रेल्वे यार्डातला कुणी रात्रपाळीचा
वर येऊन चार नंबरच्या ड्रायरमध्ये
आपला डगला टाकून गेला.
गाणं संपेपर्यंत तो गरगरत होता.
त्याचं एक बटण, पितळेचं असावं,
पत्र्यावर टक, टक,
वॉलेसच्या ड्रमपेक्षा पक्क्या तालात.
पुन्हा घेऊ म्हटलं, तर टेप संपलेली.

कव्हरवर वॉलेसचं आडनाव चुकलं,
कोस्किनेनचं कोस्किन.
त्यानं तणतणत पत्र लिहिलं, तिकीट लावलं,
टाकलं नाही.
आता पोस्टमनही त्याला कोस्किन म्हणतो.
केर्तू काउंटीच्या बर्फगाड्या सोडते;
वायरलेसवर आवाज तसाच,
वाक्याच्या शेवटी खरवडलेला.
ओरिन कुठे आहे
ते ओरिनच्या आईलाही ठाऊक नाही.
मला तीन महिन्यांनी चेक येतो.
मागचा चार डॉलर बारा सेंटचा.
मी तो वटवत नाही, असं लोकांना सांगतो.
वटवतो.

मार्चमध्ये लाँड्री बंद झाली.
मशिनं हलवायला बाईंनी मला बोलावलं.
काउंटरवर ती कॅसेट, उन्हानं कव्हर पांढरं पडलेलं.
म्हणाल्या, गाणं मला कधी कळलं नाही,
ती पोरगी ओरडते की रडते.
पण थांब, इथे ऐक.
आणि बोट वर केलं,
देवळात घंटा ऐकावी तसं.
हा माझा चार नंबर.

मी काही बोललो नाही.
दोघं जण त्या ड्रायरलाच दाराकडे रेटत होते,
मागचं टोक मी धरलं. जड होता.
तळव्यांवर पत्र्याचे वळ उठले.
टेप बंद करायला हात मोकळा नव्हता कुणाचाच,
म्हणून आमच्या नंतरचं, आठवं गाणं सुरू झालं.
इतक्या वर्षांत मी ते कधी ऐकलंच नव्हतं.
आमचं संपलं की बटण दाबायचो.

चांगलं आहे ते.