पुरेशा उंचीचा कठडा

मसुद्यात आधी आकडा होता.
पायरीपासून नऊशे मिलिमीटर, जिन्याच्या दोन्ही बाजूंना,
आणि क्रियापदाआधी ‘शॅल’,
म्हणजे लावायचाच. त्यावर चर्चा नाही.

डंडीच्या पालिकेत, तिसऱ्या मजल्यावर,
फेब्रुवारीत तीन वाजले की दिवे लावावे लागतात.
मी कोपऱ्यात बसून टिपणं घ्यायची.
मिस्टर क्रॉम्बी चहात बिस्कीट बुडवत म्हणाले,
आकडा जरा आडमुठा वाटतो.
जुनी घरं आहेत, दगडी जिने गरगरत वर जातात,
माणसाच्या तारतम्याला थोडी जागा ठेवू या.

जागा ठेवण्यात आली.
नऊशेचं झालं ‘पुरेशा उंचीचा’,
दोन्ही बाजूंचं ‘आवश्यक तेथे’,
आणि ‘शॅल’चं ‘शुड’.
भिजलेला तुकडा कपात पडला, तेवढाच काय तो आवाज.
मी टाइप केलं. इश्बेल रेनी, टंकलेखिका,
पानाच्या तळाशी माझी आद्याक्षरं आहेत.

आमचं कागदावरचं इंग्रजी मऊ, कुणाच्या अंगाला लागत नाही.
वाजवी मुदतीत. शक्य तितक्या लवकर.
योग्य ती काळजी घेऊन.
प्रत्येक शब्दाला खिसे
आणि खिशात ज्याचा त्याचा हात.

सतरा नंबरच्या जिन्यात कठडा नव्हता, दोर होता.
भिंतीतल्या कड्यांतून ओवलेला, हातांच्या तेलाने काळा पडलेला.
एफी टलक रोज सकाळी
दुधाच्या रिकाम्या बाटल्या खाली नेऊन ठेवायची.
वय एकाहत्तर. तागाच्या गिरणीत चाळीस वर्षं,
त्यामुळे कानाने अधू. पायाने नाही.
अकराव्या पायरीवर कडी निसटली.
दोन बाटल्या फुटल्या. तिसरी
तळापर्यंत घरंगळत गेली,
तिचा टवकाही उडाला नाही.

चौकशीत सगळेच खरं बोलले.
घरमालकाचा माणूस म्हणाला, दोर पुरेसा होता.
तपासनीस म्हणाला, मला पुरेसा वाटला.
वकिलाने माझं पान वाचून दाखवलं, दोनदा,
दुसऱ्यांदा जरा हळू,
जणू गळ टाकल्यावर विहिरीतली बादली यावी
तसा आकडा वर येणार होता.
एफीच्या बहिणीने विचारलं, पुरेसा, कुणाला?
हा प्रश्न नोंदीत नाही. ती परवानगीशिवाय बोलली होती.

माझी आई सुपात मीठ ‘अंदाजाने’ घाल म्हणायची
आणि मी कधी चुकले नाही,
कारण ती शेगडीपाशी उभी असायची,
तिचा अंदाज तिच्या बोटांत दिसायचा.
छापील कागदापाशी कुणी उभं नसतं.

अहवाल आला. तोही मीच टाइप केला:
याबाबत वाजवी कालावधीत यथोचित विचार व्हावा.

दोन वर्षांनी पुस्तिकेची नवी आवृत्ती निघाली.
मुद्रितं माझ्या टेबलावर आली, शुक्रवारी, सगळे घरी गेल्यावर.
मी ‘शुड’ खोडलं आणि ‘शॅल’ लिहिलं.
दोन्ही शब्द एकाच अक्षराने सुरू होतात,
डोळा सहज घसरतो. विचारलं असतं तर हेच सांगणार होते.
कुणी विचारलं नाही.
निवृत्त होऊनही आता नऊ वर्षं झाली.

सतरा नंबरला कठडा लागला आहे. लोखंडी, हिरवा.
परवा टेप घेऊन गेले.
सहाशे दहा. माझ्या गुडघ्याच्या जरासा वर.
आकडा लिहायचं धाडस तेव्हा झालं नव्हतं;
पुस्तिकेत उंची अजून ‘पुरेशी’च आहे.

उतरताना मी भिंत धरली.