शिवण

रुस्तावीच्या बाजारात सकाळी आठच्या आत पोचावं,
इंजिनं गार असतात तेव्हा.
विकणारे त्याहून आधी येतात
आणि गाड्या तापवून ठेवतात,
म्हणून मी पहिल्यांदा बॉनेटवर तळहात टेकतो,
आजारी पोराच्या कपाळावर टेकावा तसा.
गरम लागलं की काही न बोलता पुढे.

नाझिब्रोला माझ्या मागे.
तिबिलिसीच्या इस्पितळात ऑपरेशनच्या खोलीतली नर्स, बावीस वर्षं.
रात्रपाळीवरून थेट आलेली.
कोटाच्या आतल्या खिशात अकरा हजार लारी, वर सेफ्टी पिन.
मला देणार पन्नास. तिला हवी आहे
पहाटे तीनला चढावर दगा न देणारी गाडी.
रंग कुठलाही.

पहिल्या गाडीत लिंबाचा वास.
इतकं लिंबू कुणी उगाच पिळत नाही.
सीटचा पट्टा ओढला, ओढतच गेलो,
तेव्हा शेवटच्या वीतभर कापडावर
चहाच्या रंगाची रेघ निघाली.
कुठल्या तरी अमेरिकन गावातला पूर
जहाजात बसून इथवर आला होता.
पाणी मुरतंय म्हणतात, ते असं.

दुसरीचा काटा म्हणाला सत्तर हजार.
ब्रेकचं रबर म्हणालं दोन लाख.
मी रबराचं ऐकतो.

तिसरी चंदेरी प्रियस.
बॉनेट गार. तेल मधासारखं.
चारही टायर सारखे झिजलेले.
नाझिब्रोला आत बसली, आरसा स्वतःपुरता वळवला,
आणि मला कळलं, हिनं मनात गाडी घेतली.
विकणारा ओतिया सूर्यफुलाच्या बिया सोलत म्हणाला,
दंतवैद्याची आहे, दार लावून बघा, आवाज ऐका.
आवाज खरंच चांगला होता.

खिशातला चुंबक काढून पत्र्यावरून फिरवत नेला.
पुढचं दार, धरतो. मागचं, धरतो.
दोन दारांच्या मधे, खाली उंबऱ्याशी,
हातातून निसटून खडीवर पडला.
तिथे पत्रा नव्हता. लांबी होती, बोटभर जाड.

पाठीवर आडवा होऊन टॉर्च लावला.
प्रत्येक वेल्डरचं अक्षर वेगळं असतं.
तीन ठिपके, श्वासाएवढी जागा, परत तीन ठिपके.
माझं मनगट तिसऱ्यानंतर थरथरतं,
म्हणून ती जागा.

नऊ वर्षांपूर्वी, पोलाद कारखान्यामागच्या शेडमध्ये
एकीचं तोंड आणि दुसरीची पाठ
मी तीन रात्रींत एक केली होती.
एकीत खरेदीची यादी सापडली होती, इंग्रजीत.
मला वाचता येईना.
तिलाच हात पुसले.

नाझिब्रोला शेजारी उकिडवी बसली, कोट चिखलात.
"टाके आहेत."
हो.
"चांगले घातलेत."
हो.
"मग?"
माणूस भरून येतो, पत्रा येत नाही.
ठोकर बसली की इथूनच उसवेल.
ओतियाचं बी सोलणं थांबलं होतं.
"कुणी घातले?"

खडी पाठीला टोचत होती. टॉर्च मी बंद केला.
मी, म्हणालो.

ती उठली. मी उठेपर्यंत
टपरीवरून एकच कॉफी घेऊन आली, स्वतःसाठी,
आणि वाऱ्याकडे पाठ करून ती संपवली.
"काय मिळालं होतं?"
हिवाळ्याचं सरपण.
"कोरडं होतं?"
अर्धं.

तिनं पेला चुरगळला.
खडीत वाकून चुंबक शोधला,
त्याला चिकटलेला लोखंडाचा चुरा कोटाला पुसला
आणि तो मला परत न देता
पुढच्या रांगेकडे चालायला लागली.
हिरवी होंडा. तिनं बॉनेटवर तळहात टेकला,
डोळे मिटून, मोजल्यासारखा.
तिची पर्स माझ्या हातात होती.
कधी दिली, आठवत नाही.