नऊ व्होल्ट

पलीकडच्या घरात धुराचा अलार्म टुकटुकतोय,
आज सतरावा दिवस.
बॅटरी संपत आली की करतात तसं,
चाळीस सेकंदांनी एकदा.
ऊना मॅकेव्हॉय मोजत नाही,
पण चहा गाळताना हात आपोआप थांबतो.

मधे भिंत. आधी नुसता पत्रा होता,
मग विटा, विटांवर पत्रा, पत्र्यावर जाळी.
दर दगडफेकीला हात-हात वाढत गेली,
दाराच्या चौकटीवर खुणा करत पोरं वाढतात तशी.
'अजून उंच करा' या अर्जावर ऊनाचीही सही आहे.
लाज नाही वाटत तिला.
त्या साली मागच्या खोलीत
पाळण्यावर काच पडली होती.
भिंत वाढली आणि बाळ रात्रभर झोपलं.
बेलफास्टबाहेरच्या माणसांना हे सांगू नये,
ते समजूतदारपणे मान हलवतात.

बाळ आता चाळिशीचं, पर्थला असतं.
भिंत इथेच.

अठराव्या दिवशी टुक बंद.
बदलली असेल कुणी बॅटरी.
किंवा…
दुपारभर ती त्या 'किंवा'पाशी बसून राहिली.

वरून बघितलं तर अंतर बारा पावलांचं.
रस्त्याने: चर्च, बंद पडलेली लाँड्री, मग फाटक,
आणि फाटक सातला लागतं.
सहा वीसला निघाली,
कोटाच्या खिशात नवी बॅटरी, नऊ व्होल्टची.
फाटकावरचा मर्विन घड्याळ बघत म्हणाला,
"जा, पण मी कुणासाठी थांबत नाही."

पोचल्यावर कळलं,
ते घर तिला फक्त पाठीमागून माहीत आहे.
धुराडं, गळकी पन्हळ, कुणाचातरी सुका खोकला,
रविवारी कांदा भाजल्याचा वास.
पुढून सगळी दारं सारखी, सगळ्यांवर पितळी आकडे.
ती फुटपाथवर उभी,
उजवा हात खिशात, बॅटरीभोवती.

पंधरा नंबरचा पडदा हलला.
एक म्हातारा चेहरा. तो तिच्याकडे नाही,
खिशातल्या हाताकडे बघत होता.

ती नजर ऊनाने ओळखली.
तिचीच होती ती,
गल्लीत अनोळखी मोटार शिरली की रोज लागते तिला.
हात सावकाश बाहेर काढावा,
की आहे तसाच ठेवावा?
शहात्तर वर्षांत पहिल्यांदा
कुणीतरी तिला भ्यालं होतं,
आणि खोटं कशाला बोला,
क्षणभर बरं वाटलं.

आतून कडी लागली. वरची.
मग खालची.

सहा अठ्ठावन्नला ती फाटकातून आत आली.
मर्विनने काही विचारलं नाही.

रात्री साडेअकराला पलीकडून:
टुक.
ऊना अंथरुणात उठून बसली.
तेच घर होतं का ते? की शेजारचं?
चाळीस सेकंद.
टुक.
बॅटरी अजून कोटातच होती.