खालचा आकडा

भुसावळ, मे, दुपारचे अडीच.
शटर अर्धं खाली,
कुलरमधला वाळा कोरडा.
टेबलावर दोन कॅबिनेट, कुशी उघड्या,
एकात मागच्या पिढीचा प्रोसेसर, एकात यंदाचा.
ग्राफिक कार्ड एकच,
सकाळपासून इथून काढ, तिथे बसव.
बोटांना राखाडी पेस्ट.

"भो, फरक सांग फक्त," दर्पण फालक म्हणतो,
बाप लोको शेडमध्ये, पोरगं पॉलिटेक्निकात.
तोच खेळ, तीच गल्ली, तोच जळता पूल,
तीन-तीनदा धावलो.
जुना : एकशे बारा.
नवा : एकशे एकोणपन्नास.
वहीत पेन्सिलीने मांडलं. पोरगं खुललं.

म्हटलं, थांब. तुझा मॉनिटर साठचा,
वरचं सगळं सांडतं,
डोळ्यापर्यंत येतच नाही.
बघायचा तर खालचा आकडा बघ.
बाजारात पन्नास जण एकदम गोळ्या झाडतात,
तेव्हा जुना छत्तिसावर येतो,
चिखलात चप्पल रुतल्यासारखा.
नवा एकाहत्तर.
सरासरीत कुणी मरत नाही, राजा,
त्या अडखळीत मरतो.

तेवढ्यात नव्याचा पंखा किंचाळला.
आत पंच्याण्णव अंश, बाहेर सेहेचाळीस.
आपणच वेग उतरवत
अठ्ठावन्न, मग चव्वेचाळीस, मग एकतीस.
शेजारी जुना,
छत्तिसाचा छत्तीस.

दर्पण वहीकडे बघत राहिला.
खिशातली नोटांची घडी दोनदा उलगडली.
"मंग रात्री खेळू," म्हणाला,
आणि नवा स्कूटीवर पायांत धरून घेऊन गेला.

जुना मी ठेवून घेतला, दुपारच्या बिलांना.
झाकण लावताना
स्क्रू तीनच सापडले.